तिसरीचा संगणक, घरातला फोन

मूल सहा-सात वर्षांचे झाले की त्याला रस्ता ओलांडायला शिकवायचे, हे कुठल्या आईला सांगावे लागत नाही. आधी उजवीकडे बघ, मग डावीकडे बघ, मध्येच धावू नको, असे आपण त्याचा हात धरून महिनोन्‌महिने शिकवतो. गॅसजवळ जायचे नाही, ओल्या हाताने बटण दाबायचे नाही, दाराची कडी वाजली तर आधी ‘कोण आहे?’ म्हणून विचारायचे, हेही शिकवतो. फोन मात्र आपण मुलाच्या हाती दिला तो वेगळ्याच कारणाने. त्याने दोन घास मुकाट्याने खावेत म्हणून, नाहीतर आपल्या पोळ्या लाटून होईपर्यंत एका जागी बसावे म्हणून. आधी शिकवले आणि मग दिला, असे फार थोड्या घरांत झाले असेल.

पुढे २०२० साल आले. शाळा बंद झाल्या आणि ज्या फोनला ‘हात लावू नकोस’ म्हणून आपण दटावत होतो, त्याच फोनवर शाळा भरू लागली. शाळा पुन्हा उघडल्या, पण फोन काही मुलांच्या हातून परत आला नाही. गृहपाठ व्हॉट्‌सअ‍ॅपवर येतो. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवर फोन धरला की पाठाला जोडलेले साहित्य उघडते. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात हे कोड आणले, आणि २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा जागतिक पुरस्कार मिळवून त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली, तेव्हा आपल्या सगळ्यांनाच केवढा अभिमान वाटला होता! तेव्हा फोन मुलांच्या अभ्यासातून वजा करावा, असे आता म्हणून भागणार नाही. प्रश्न आहे तो एवढाच, की तो वापरायला त्यांना शिकवणार कोण?

मी बी.ए. झालेली गृहिणी. घर सांभाळून आठवड्यातले तीन दिवस एका तालुक्याच्या गावच्या मराठी शाळेत तिसरी-चौथीला संगणक शिकवते. संगणकाची पदवी माझ्याजवळ नाही. २००१ पासून महाराष्ट्रात घरोघरच्या मुलामुलींनी केली ती एमएस-सीआयटी मीही केली आहे. त्या तासांतून जे दिसले, ते मैत्रिणींपुढे ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

संगणक शिकवायचा म्हणजे काय?

संगणकाचा तास म्हटला की पालकांच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे येतात. एक म्हणजे मूल वहीत मॉनिटर, की-बोर्ड, माउस काढून त्यांना नावे देत बसले आहे. दुसरे म्हणजे ‘पेंट’मध्ये लाल छपराचे घर आणि दोन डोंगरांमधला सूर्य. पालकसभेत तर हमखास विचारणा होते, “बाई, टायपिंग कधी शिकवणार?” टायपिंग वाईट नाही. पण सुईत दोरा ओवता आला म्हणजे पोलके बेतता आले, असे नव्हे!

हा प्रश्न काही आजचा नाही. १९६७ साली अमेरिकेत सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकाची भाषा तयार केली. पुढे त्यात एक कासव आले. ‘१०० पावले पुढे जा, उजवीकडे ९० अंश वळ’ असे सांगितले की कासव तसे चालते आणि मागे रेघ सोडते. हेच चार वेळा सांगितले की चौकोन तयार. आपल्याकडेही १९८४-८५ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना आणली होती आणि निवडक शाळांत ब्रिटनमधले बीबीसी मायक्रो संगणक आले होते. पण प्राथमिक शाळेच्या वाट्याला त्यातले काही आले नाही.

आमच्या शाळेत संगणक बारा. त्यातले चालतात सात, आणि वर्गात मुले बेचाळीस. वीज गेली की सातही गप्प. पण कासवाला थोडीच वीज लागते? मी पटांगणात खडूने पाच ओळी पाच ठिपक्यांची रांगोळी मांडते. एक मूल कासव होते आणि दुसरे त्याला आज्ञा देते. नियम एकच, कासवाने आपले डोके चालवायचे नाही, सांगितले तेवढेच करायचे. “पुढे जा” म्हटले आणि किती ठिपके ते सांगितले नाही, तर कासव थेट पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जाते. मुले हसून लोळतात. पण त्या हसण्यात एक गोष्ट त्यांना पक्की कळते. संगणक हुशार नसतो, आज्ञाधारक असतो. त्याला काय सांगायचे, कोणत्या क्रमाने सांगायचे आणि कुठे थांबवायचे, हे सांगणाऱ्याला कळावे लागते.

न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांनी संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे असे कितीतरी खेळ गोळा केले आहेत. त्यातला एक आमच्या मुलांचा फार आवडता. पाच पुठ्ठे घ्यायचे. त्यांवर १, २, ४, ८ आणि १६ असे ठिपके काढायचे. पाच मुले पुठ्ठे धरून ओळीत उभी राहतात. कुणी पुठ्ठा दाखवायचा, कुणी उलटा धरायचा, एवढ्यावर महिन्यातली कोणतीही तारीख दाखवता येते. वाढदिवस २१ तारखेला? मग १६, ४ आणि १ उघडे, बाकीचे झाकलेले. सगळे पुठ्ठे उघडले की ३१. ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्या दोनच खुणांवर संगणक सारे आकडे कसे मांडतो, ते तिसरीच्या मुलाला अशा रीतीने अर्ध्या तासात समजते. या खेळाला खर्च काय, तर रद्दीतले पुठ्ठे!

आयआयटी मुंबईने शाळांसाठी ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही पुस्तकमाला तयार केली, तीही याच विचाराची. तिच्यात तेजस आणि ज्योती ही दोन मुले आणि मॉझ नावाचा उंदीर गोष्टीगोष्टींतून पायरीपायरीने विचार करायला शिकवतात. मोठ्या मुलांसाठी ‘स्क्रॅच’ आहे. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेने ते २००७ मध्ये फुकट उपलब्ध करून दिले. त्यात रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडून मूल स्वतःची गोष्ट किंवा खेळ बनवते. आमच्या चौथीतल्या एका मुलाने त्यात एसटीची गाडी चालवून दाखवली. गाडी थांबा सोडून पुढेच जात होती, म्हणून तो दोन तास त्याच ठोकळ्यांशी झुंजला. शेवटी गाडी थांब्यावर थांबली, तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या!

चूक झाली की काय करायचे?

या एसटीच्या गोष्टीत मला सगळ्यांत मोलाचे काय वाटते, सांगू? त्या मुलाची दोन तास चूकच होत होती. पण कुणी त्याला रागावले नाही आणि तोही रडला नाही. संगणकाच्या तासाला चूक म्हणजे गुन्हा नसतो. ‘कुठे बिघडलं ते शोधू’ एवढेच तिथे म्हणायचे असते. मुले चूक लपवत नाहीत. उलट “बाई, इकडे या, हे बघा काय होतंय!” असे ओरडून सांगतात.

ऑनलाइन सुरक्षेचा पाया मला इथेच दिसतो. पासवर्ड, ओटीपी, ब्लॉक करणे हे सगळे पुढचे. आधी मुलाला अशी खात्री हवी की, काही बिघडले तर मोठ्या माणसाला हाक मारता येते आणि हाक मारल्याबद्दल मार बसत नाही.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून पाचव्या वर्षापासूनच्या मुलांना ‘कॉम्प्युटिंग’ हा विषय सुरू झाला. अगदी धाकट्या मुलांच्या अभ्यासक्रमातही आज्ञाक्रम लिहिणे, त्यातली चूक शोधणे यांच्या जोडीला आणखी एक कलम आहे. स्वतःची माहिती खाजगी ठेवावी आणि इंटरनेटवर काही खटकले तर मदत कुणाकडे मागायची ते ओळखावे. दोन्ही गोष्टी एकाच विषयात, एकाच वयात. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग सहावीपासून सांगितले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार हे विषय २०२६-२७ पासून तिसरीपासूनच आणायचे जाहीर केले. म्हणजे पुस्तके येतील, तास येतील. त्यात मुलांच्या सुरक्षिततेला किती जागा मिळते, हे मात्र आपण आयांनीच बघायला हवे.

एका चिठ्ठीची गोष्ट

सुरक्षितता शिकवताना ‘हे करू नका, ते करू नका’ अशी यादी मी फळ्यावर लिहीत नाही. यादी मुले पाठ करतात आणि विसरतात. त्याऐवजी एक खेळ घेते. पहिल्या बाकावरच्या मुलाला एक चिठ्ठी देते, ‘अमकीला झुरळाची भीती वाटते.’ त्याने ती उतरवून दोघांना द्यायची, त्या दोघांनी प्रत्येकी आणखी दोघांना. पहिल्या फेरीनंतर चिठ्ठी तिघांकडे, मग सात, पंधरा, एकतीस, आणि पाचव्या फेरीत बेचाळीसच्या बेचाळीस मुलांकडे! मग मी म्हणते, “आता हिला वाईट वाटलं. पहिल्या चिठ्ठीचे तुकडे करा.” तो मुलगा तुकडे करतो आणि मग हळूहळू त्याच्याच लक्षात येते. बाकीच्या चिठ्ठ्यांचे काय? फोनमधला फोटो ‘डिलीट’ केला की तो गेला, असे मोठ्या माणसांनाही वाटते. आमच्या तिसरीतल्या मुलांना आता तसे वाटत नाही.

पासवर्डचा धडा गणिताच्या तासाला जोडून होतो. चार आकडी पिन किती प्रकारे लिहिता येतो? १०,०००. सहा आकडी? १० लाख. मग कोणता शोधून काढायला जास्त वेळ लागेल? हे ठरल्यावर मी विचारते, घरच्या फोनचा पिन वाढदिवसाच्या तारखेचा किंवा १२३४ असा किती जणांकडे आहे? पिन सांगायचा नाही, नुसता हात वर करायचा. हात बघून मुलांनाच हसू येते. त्या दिवशी संध्याकाळी गावातल्या बऱ्याच घरांतले पिन बदलले गेले असावेत!

मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट आपल्यासाठीही आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली की आपण नव्या गणवेशातला फोटो स्टेटसला ठेवतो. छातीवर शाळेचे नाव, गळ्यात ओळखपत्र, त्यावर इयत्ता आणि तुकडी. पेढे वाटावेत तशा हौसेने आपण तो फोटो सगळ्यांना वाटतो. पण मुलाला ‘शाळेचं नाव अनोळखी माणसाला सांगू नकोस’ असे बजावायचे आणि आपणच ते गावभर लावायचे, हे मुलांना बरोबर दिसते. फोटो काढावा, जरूर काढावा. ओळखपत्र तेवढे आधी उतरवून ठेवावे.

गुपित आणि गंमत

आता जे सांगते आहे त्यातले तपशील मी मुद्दाम बदलले आहेत. मूल ओळखू येऊ नये, ही कायद्याची अट आहे आणि माणुसकीचीही.

एका तासाला मी मुलांना ‘गुपित’ आणि ‘गंमत’ यांतला फरक सांगत होते. आजीच्या वाढदिवसाला साडी आणली आणि संध्याकाळपर्यंत सांगायचे नाही, ही गंमत. ती शेवटी सगळ्यांना कळणार असते आणि कळल्यावर सगळ्यांना आनंद होतो. पण कुणी म्हणाले ‘हे आईला कधीच सांगायचं नाही’, तर ते गुपित. आणि असे गुपित त्याच दिवशी सांगायचे, मग सांगू नको म्हणणारा ओळखीचा असला तरी.

तास संपल्यावर चौथीतली एक मुलगी डबा घेऊन माझ्यामागे आली. “बाई, माझ्या एका मैत्रिणीचं आहे,” म्हणाली. मैत्रीण घरे बांधायचा एक खेळ बाबांच्या फोनवर खेळते. खेळता खेळता लिहून बोलायची सोय असते. तिथे एक ‘दीदी’ भेटली. दीदीने खेळातली नाणी दिली. मग घरी कोण कोण असते ते विचारले, मग फोटो मागितला. मैत्रिणीने फोटो दिला नाही, पण दीदी रोज मागते. दीदी म्हणाली आहे की आईला सांगितलेस तर आई फोन काढून घेईल.

मी विचारले, “मग मैत्रिणीला काय वाटतं?”

“आई खरंच काढून घेईल.”

दीदी खरोखर दीदी होती की कुणी चाळीस वर्षांचा बाप्या, देव जाणे. पण मुलांच्या मनातली नेमकी भीती त्या माणसाला ठाऊक होती. अनोळखी माणसापेक्षा मुलीला आईच्या शिक्षेची भीती जास्त होती, आणि त्या माणसाचे सारे बळ त्या भीतीतच होते.

मोठ्या बाईंनी मुलीच्या आईवडिलांना बोलावले. आई रडायला लागली. वडील संतापले. म्हणाले, “आजपासून फोन बंद! आणि तो तुमचा कॉम्प्युटरचा तासही नको तिला. नसतं शिकवता, म्हणून हे होतं.” खेळ तिथल्या तिथे पुसून टाकायला त्यांनी फोन हातात घेतला. मोठ्या बाईंनी शांतपणे थांबवले. म्हणाल्या, “पुसू नका. तो पुरावा आहे. आणि एक विचारते, राग मानू नका. तिनं आज सांगितलं म्हणून फोन गेला, तर उद्या ती सांगेल का?”

वडील काही बोलले नाहीत. मुलगी दाराशी उभी होती. मग आईनेच पदराने डोळे पुसले आणि तिला जवळ घेतले. “तू सांगितलंस ते चांगलं केलंस,” एवढेच म्हणाली.

दीदीच्या सगळ्या संदेशांचे स्क्रीनशॉट घेतले. मग तिला ब्लॉक केले, खेळ चालवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवली. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलींप्रमाणेच मुलग्यांनाही संरक्षण देतो. वाईट हेतूने मुलांशी इंटरनेटवरून संपर्क ठेवणे हाही त्यात गुन्हा आहे. असा गुन्हा घडला किंवा घडेल अशी शंका आली, तर ते कळवणे हे ज्याला कळले त्याचे कर्तव्यच ठरते. ‘बदनामी नको’ म्हणून गप्प बसण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही आणि ते चांगलेच आहे.

मुलगी दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला आली. पुढच्या आठवड्यात वडीलही आले, फोनमध्ये ‘त्या बोलायच्या सोयी’ बंद कशा करायच्या, ते विचारायला.

फोनच नको, हे उत्तर आहे का?

त्या वडिलांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते, असे मी म्हणणार नाही. वयाची मर्यादा हवीच. इन्स्टाग्राम आणि फेसबुक यांच्या स्वतःच्याच नियमांत तेरा वर्षांखालच्या मुलाला खाते उघडता येत नाही. ऑस्ट्रेलियाने तर २०२४ मध्ये कायदा करून १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला बंदी केली. आपल्या देशातल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. तेव्हा आठ वर्षांच्या मुलाला जन्मसाल खोटे घालून खाते उघडून देणारे आईवडील पाहिले की मला नवल वाटते. मूल त्यातून पहिला धडा काय शिकते? इथे वय खोटे सांगितले तरी चालते.

पण नुसत्या बंदीने निभावत नाही. फोन आपल्या घरात नसला तर शेजारी असतो, मामाकडे असतो, सुट्टीत आत्याकडे असतो. आणि मुले मोठी होतात. ‘असर’ या पाहणीने २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांना विचारले. शेकडा ८२ मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता. त्यांतल्या शेकडा ५७ मुलांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर शेकडा ७६ मुलांनी समाजमाध्यमांसाठी. आज तिसरीत असलेले आपले मूल सहा-सात वर्षांत या वयाचे होणार. पोहायला शिकवायचे ते नदीला पूर येण्याच्या आधी, हे आपल्या आज्यांनाही माहीत होते.

आयांचा तास

त्या प्रसंगानंतर शाळेत पालकसभा झाली. नेहमी सभेला बाप्ये पुढे आणि बायका मागे भिंतीला टेकून. या वेळी मागून एक बाई उठली. म्हणाली, “बाई, पोरांना तुम्ही शिकवाल. मला कोण शिकवणार? फोन त्यांच्या नावावर, पिन पोराला माहीत. मला नुसता उचलता येतो आणि ठेवता येतो.”

सभा हसली, पण ती हसत नव्हती. घरोघर हेच आहे. फोनवर लक्ष ठेवायची जबाबदारी आईची, आणि फोनची ओळख मात्र तिला सोडून सगळ्यांना! म्हणून शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आयांचा एक तास सुरू झाला. पहिल्या शनिवारी नऊ जणी आल्या, आता पंचवीसएक येतात. शिकवायला मी असते, पण मदतीला चौथीतली मुले असतात. आपली आई आपल्यासमोर शिकते आहे, चुकते आहे आणि पुन्हा करून बघते आहे, हे पाहून मुलांचा चेहरा कसा होतो ते बघण्यासारखे असते.

तिथे सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट पैशांची. ‘तुम्हाला बक्षीस लागले आहे, पैसे घेण्यासाठी पिन टाका’ असा फोन आला तर? पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. हे एक वाक्य आम्ही दर शनिवारी म्हणतो. एकीने ते देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.

घरी करण्यासारखे

या तासांतून जे उतरले ते थोडक्यात देते. कात्रण करून फ्रिजवर लावायलाही हरकत नाही.

१. मुलाने फोन बघायचा तो घरातल्या वावराच्या जागी. बंद खोलीत नाही, पांघरुणात तर नाहीच. रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे मुलांच्या बाबांचाही!

२. मूल कोणता खेळ खेळते तो एकदा त्याच्याजवळ बसून खेळून बघा. ‘मला शिकव ना’ म्हणा. त्यात अनोळखी लोकांशी बोलायची सोय असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन ती बंद करा.

३. पूर्ण नाव, पत्ता, शाळा, फोन नंबर, फोटो, पिन आणि ओटीपी या सात गोष्टी विचारल्याशिवाय कुणालाही द्यायच्या नाहीत, हे पाढ्यासारखे म्हणून घ्या.

४. खेळाला किंवा अ‍ॅपला बँकेचे कार्ड जोडून ठेवू नका. विकत घेण्याआधी पासवर्ड मागितला जाईल अशी सोय करा.

५. मुलाने काही वाईट पाहिले किंवा कुणी त्रास दिला, असे सांगितले तर पहिले वाक्य ठरवून ठेवा, ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ रागावायचे असेल तर नंतर, आणि त्या परक्या माणसावर.

६. पुरावा पुसू नका. आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक, मग तक्रार.

७. हे क्रमांक मुलालाही पाठ असू द्या. मुलांच्या मदतीसाठी १०९८. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०, आणि तो फोन जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. तक्रारीचे संकेतस्थळ सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. तिथे महिला आणि मुलांविषयीच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे.

शेवटी एक विनंती. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा गणवेश आणि सहलीची वर्गणी यांबरोबर तीन प्रश्न जरूर विचारा. संगणकाच्या तासाला मुले स्वतः काही बनवतात की नुसते उतरवून घेतात? सुरक्षिततेचा धडा वर्षातून कितीदा होतो? आणि माझ्या मुलीला काही खटकले तर तिने शाळेत नेमके कुणाला सांगायचे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून एका माणसाचे नाव मिळायला हवे. ‘कुणालाही सांगा’ हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. त्या माणसाचे नाव मुलीला सांगा, आणि त्याच्याआधी सांगायचे माणूस आपल्या घरातच आहे, हेही तिला सांगा.